तोफबाई आणि तीन बटणं

माझ्या गणिताच्या वर्गात बावीस वर्षं टाचणी पडली तरी ऐकू यायची. मला त्याचा अभिमान होता. त्यावरून मुलांनी मला 'चूपसर' असं नाव ठेवलं होतं, त्याचाही अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट माझी नाही, शेजारच्या खोलीतल्या बाईंची आहे. पण तिच्यात मी जे दिवे लावले ते कुठल्या डोक्यातून आले, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आमच्या शाळेत मास्तर जागेवर आणि वर्ग फिरते अशी पद्धत आहे. तास संपला की मुलं दप्तरं उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, आपण मात्र आपल्या फळ्यापाशी. त्यामुळे प्रत्येकाची खोली म्हणजे प्रत्येकाचं संस्थान. माझ्या संस्थानाला लागून भूगोलाच्या बाईंचं. मधली भिंत एका विटेची, आणि तीही छतापर्यंत पोचलेली नाही. वर हातभर फट आहे. ती का ठेवली ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

या बाईंना सगळी शाळा तोफबाई म्हणायची. आवाजच तसा. मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला त्यांनी 'नळ बंद कर' म्हटलं की मधल्या तीन वर्गांतली मुलं दचकून उठायची. त्याचं कारण त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांचं माहेर लाकूड कापायच्या गिरणीला चिकटून. वडील तिथेच करवतीवर कामाला. दिवसभर घरघर, त्यामुळे घरात पाण्याचा पेला मागायचा तरी ओरडून. त्यात सहा भावंडं, ह्या चौथ्या. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीला ह्यांनी जे 'हजर' म्हटलं, त्याने पुढच्या बाकावरची मुलगी घाबरून रडायलाच लागली.

लग्न झालं ते एका शिंप्याशी. तो इतका हळू बोलतो की माप सांगितल्यावर गिऱ्हाईक दोनदा "काय म्हणालात?" विचारतं. दोघांचं मस्त जमलं. बाई म्हणायच्या, "आमच्याकडे भांडण होत नाही. मी बोलते आणि ते शिवतात."

शिकवायच्याही झोकात. त्यांच्या वर्गात ज्वालामुखी फुटला की माझ्या फळ्यावरचा खडू थरथरायचा. माझ्या वर्गातली मुलं अपूर्णांक सोडवता सोडवता फुकटात वाळवंटं आणि वारे शिकून गेली. आवाज फारच चढला की मी डस्टरनं भिंतीवर तीनदा टकटक करायचो. पलीकडून लगेच "सॉरी हं, सर!" असं यायचं, तेही अशा तोफेच्या आवाजात, की मुलं हसायची आणि माझी शांतता पुन्हा पाण्यात. तरी आमचं बरं चाललं होतं.

मग एका सत्राच्या सुरुवातीला बाई तीन आठवडे रजेवर गेल्या. परत आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून. मी "बरं नव्हतं का?" विचारलं, तर नुसती मान हलवली. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बोलायचं नसेल तर राहिलं. आणि त्याच दिवशी तिसऱ्या तासाला भिंतीपलीकडून जो गलका सुरू झाला, तसा मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. एक तोफ परवडली. ही तर चाळीस पोरं एकदम.

मी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा डस्टर असा आपटला की त्याची लाकडी पट्टीच निघाली. तेव्हा मी उठून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पाहतो तर बाकं वळवून सहा-सहा मुलं एकमेकांकडे तोंड करून बसलेली. निम्म्यांची पाठ फळ्याकडे! आणि बाई हात मागे बांधून, एक छोटी वही घेऊन, एक शब्द न बोलता त्यांच्यामधून फिरतायत. दाराजवळच्या गटात तर कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली यावर वाद पेटला होता. माझी खात्री झाली, या बाईंनी काम सोडून दिलंय.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "सर, ती गटचर्चा आहे. शिकवायची एक पद्धत असते."

"मांजरीची?"

"सुरुवात आहे. थोडा धीर धरा."

धीर धरायचा माझा स्वभाव नाही. मी त्या संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयाला दीड पानाचं पत्र लिहिलं, वळणदार अक्षरात. गोंगाट लिहिला, मांजर लिहिली, भिंत छतापर्यंत नेऊन द्यावी अशी मागणी लिहिली. शेवटचं वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'सदर शिक्षिका तासभर वर्गात हजर असूनही स्वतः एक अक्षरही शिकवत नाहीत.'

बायको भाजी निवडत होती. "त्यांना विचारलंत का, असं का करतायत ते?"

"त्यात विचारायचं काय?"

"नाही, मी आपलं म्हटलं," ती म्हणाली. पत्र दुसऱ्या दिवशी टपालात पडलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी पँट कंबरेत सैल करून घ्यायला बाईंच्या त्या शिंप्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक यंत्र, एक आरसा आणि कपड्यांचे ढीग. शिंप्यानं टेप लावली, आकडा सांगितला, मी "काय म्हणालात?" म्हणालो, नेहमीचंच. तेवढ्यात माझं लक्ष यंत्राशेजारच्या पाटीकडे गेलं. शाळेतली असते तशी पाटी, दोरीनं खडू बांधलेला. वर लिहिलं होतं: 'दूध आणा. निळी रीळ संपली. तुम्ही आज फार छान दिसताय.'

शिंपी लाजला. "ही लिहिते. घरी आम्ही आता पाटीवरच बोलतो. शब्द शाळेसाठी राखून ठेवते ती."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. बाईंच्या स्वरतंतूंवर गाठी झाल्यात. पंचवीस वर्षं तोफ डागल्याचा परिणाम. घशाच्या डॉक्टरांनी बजावलंय, दिवसाला मोजकं बोला, तेही हळू; नाहीतर आहे तोही आवाज जाईल आणि परत येणार नाही. तीन आठवडे त्या घरी खिडकीशी बसून होत्या. चौथा आठवडा लागायच्या आदल्या दिवशी पाटीवर लिहिलं, 'मला बोलता येत नसेल, तर मुलांना येतं की.' आणि शाळेत आल्या.

"पहिल्या आठवड्यात रडत घरी आली," शिंपी म्हणाला. "म्हणजे पाटीवर. एक पोरगा सगळ्या गटाचं एकटाच बोलतो, बाकीची मांजरी-कुत्र्यांवर घसरतात. मला काय कळणार त्यातलं? माझ्यापाशी सुट्या बटणांचा हा डबा होता. मी म्हटलं, प्रत्येकाला तीन-तीन बटणं दे. बोलायचं असेल तर एक मधे टाकायचं. संपली की गप्प. माझ्या दुकानात तसंच आहे, बटणं संपली की शर्ट थांबतो."

हे सगळं तो इतक्या हळू सांगत होता की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. आणि ऐकताना माझं ते लाडकं वाक्य, एक अक्षरही शिकवत नाहीत, डोक्यात घणासारखं पडत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पँटचं माप चुकतंय हेही मी सांगितलं नाही. ती पँट अजून ढगळ होते.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, पत्र मागे घेतो. त्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. कार्यालयाचं उत्तर आलं होतं. येत्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार. भूगोलाचा तास बघणार. तक्रारदारानंही हजर राहायचं. बाई शिकवू शकत नाहीत असं दिसलं, तर पुढच्या महिन्यापासून त्यांची बदली कार्यालयात, आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवायला.

"घशाचं मी आजवर झाकून ठेवलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता विचारलं तर खोटं कसं सांगू? आणि सर, तुम्ही लिहिलंत त्यातही खोटं काही नाही. त्या एक अक्षर बोलत नाहीत."

"त्यांना माहीत आहे, पत्र कुणाचं ते?"

"प्रत आलीय त्यांना. खाली तुमची सही आहे, वळणदार."

त्या दिवशी पायऱ्यांवर बाई समोरून आल्या. मी थांबलो. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण माझ्यासाठी शब्द कशाला खर्च करतील त्या?

पुढचा आठवडाभर मी मोकळ्या तासाला त्यांच्या दाराशी उभा राहून बघायचो. तपासायला नाही, कळावं म्हणून. प्रत्येक मुलाची बटणं वेगळी होती, कुणाची निळी, कुणाची चौकोनी, कुणाची अंगरख्याची. तास संपला की बाई प्रत्येक गटाच्या मधे ठेवलेली वाटी बघायच्या आणि कोण किती बोललं, कोणाची बटणं हातातच राहिली, ते छोट्या वहीत लिहून घ्यायच्या. नियम एकच, पण लोखंडी होता: गटातल्या सगळ्यांची बटणं वाटीत पडेपर्यंत कुणालाही नवीन बटणं नाहीत. आणि बाईही खेळात. त्यांची तीन मोठी लाल कोटाची बटणं. तीही संपली, आणि बाईंनी तोंड उघडलं, की चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "बाई, संपली!" नियमाची आठवण करून द्यायला बटण लागत नसे. घशाचं पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मुलांना कळायचं ते कळतंच.

दाराजवळच्या गटात 'रेडिओ' बसायचा. हा तोच मुलगा, सगळ्यांचं एकटा बोलणारा. त्याची तीन बटणं दोन मिनिटांत वाटीत. मग तो हाताची घडी घालून, ओठ दाबून, लाल होऊन बसायचा. आणि त्याच्या समोर होती 'गुळणी'. ही मुलगी जन्मजात मिठाची गुळणी धरून आल्यासारखी. पांढरी शर्टाची तीन बटणं मुठीत घट्ट. ती टाकत नाही तोवर गटाचा गाडा पुढे नाही. रेडिओ डोळ्यांनी विनवण्या करायचा, बाकीच्या मुली कोपरानं ढोसायच्या. शेवटी ती एकेक टाकायची. पहिल्याला "हो". दुसऱ्याला "नाही". तिसऱ्याला "माहीत नाही". झालं. रोज तेवढंच. ही मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात बसत होती आणि ती बोलत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या वर्गात कुणीच बोलत नव्हतं.

गुरुवार उजाडला. साहेब आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम, काखेत फाइल. माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत होता. फळ्यापाशी खुर्ची नव्हती, कारण बाईंच्या वर्गात फळ्यापाशी कुणी बसतच नव्हतं. तेव्हा रेडिओनं त्यांना आपल्या गटात जागा करून दिली आणि मलाही ओढून बसवलं. दोन मुलं आजारी होती, त्यांच्या जागा आम्ही भरल्या. पाहुण्यांच्या डब्यातून साहेबांना पितळी बटणं मिळाली, मला काळी पँटची. माझ्याच पँटची असावीत.

बाई उभ्या राहिल्या. पहिलं लाल बटण टेबलावरच्या वाटीत टाकलं आणि घोगऱ्या, हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक गटापुढे नकाशा आहे. नदी आहे, दोन्ही काठांना वस्ती आहे. पूल एकच बांधता येईल. 'अ', 'ब' की 'क'? कुठे ते सांगू नका, का ते सांगा." हाच आवाज एके काळी गिरणीच्या घरघरीवर चढायचा.

'अ'पाशी नदी अरुंद होती. 'ब'पाशी रुंद, मधे खडक. 'क' एका मोठ्या वळणावर, बाजाराला लागून. गलका सुरू झाला. साहेबांनी रेडिओच्या पाठीवर थाप मारली. "नाव काय रे तुझं?"

"साहेब, बटण," रेडिओ म्हणाला.

"अरे, मी नुसतं नाव विचारतोय."

"बोललात ना? टाका."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. एक पितळी बटण वाटीत वाजलं. साहेबांना गंमत वाटली असावी, ते पुढे सरकले आणि दुसरं टाकून म्हणाले, "यात चर्चा कसली? 'अ'! नदी अरुंद, पूल छोटा, काम झटपट."

"पण साहेब, खुणा बघा," चष्म्याची मुलगी म्हणाली. "'अ'च्या दोन्ही काठांना गाळ दाखवलाय. पूल टेकणार कशावर?"

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. गाळ होता. ते ईर्षेला पेटले. तिसरं बटण ठणकन टाकलं. "मग 'क'! बाजाराजवळ. लोकांची सोय बघायला नको?" रेडिओनंही आपलं शेवटचं बटण 'क'वर उडवलं, इतरांनीही. बाई मागे येऊन उभ्या होत्या. दुसरं लाल बटण त्यांनी पलीकडचं एक भांडण सोडवताना घालवलं होतं. तिसरं त्यांनी आमच्या वाटीत टाकलं. "'क'पाशी पाणी कसं वळतं ते बघितलंत?" एवढंच. आता बाई रिकाम्या. साहेब रिकामे, रेडिओ रिकामा. सगळा गट रिकामा, फक्त दोघांकडे तीन-तीन बटणं शिल्लक. एक गुळणी आणि दुसरा मी.

साहेबांनी घड्याळ बघितलं, फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. मला कळलं, आता 'हो, नाही, माहीत नाही' होणार, आणि फाइलमध्ये एक ओळ लिहिली जाणार, आणि पुढच्या महिन्यात ही बाई कुठल्यातरी कोपऱ्यात पत्रांवर शिक्के मारणार. माझ्यामुळे.

गुळणीनं मूठ उघडली. एक पांढरं बटण वाटीत ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं. आणि बोलायला लागली.

"'क' चुकीचं आहे. आमचे बाबा होडी चालवतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ते होडी कधीच बांधत नाहीत. तिथला काठ नदी दरसाल खाते. माझ्या लहानपणी ज्या खुंटाला दोर बांधायचे, तो आता पाण्यात आहे, मधोमध. पूल बांधलात तर पुलाचं टोक तसंच जाईल. 'ब'ला खडक आहे. पूल लांब होईल, खर्चाचा होईल, पण हलणार नाही." ती थांबली. सगळ्यांना वाटलं, संपलं. "पूल झाला की आमची होडी बंद पडणार. म्हणून मला बोलायचंच नव्हतं. पण 'ब'च बरोबर आहे."

शेजारचे गटही आमच्याकडे वळले होते. साहेब न राहवून म्हणाले, "हे तुला बाईंनी शिकवलं?"

"साहेब!" रेडिओ कळवळून म्हणाला. "बटण कुठाय?"

"बाई, तुम्ही सांगा," साहेब वळले. बाईंनी तोंड उघडलं आणि चाळीस पोरं ओरडली, "बाई, संपली!" बाईंनी तोंड मिटलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसत होते.

गुळणीनं दुसरं बटण ठेवलं. "होडीचं मला कुणी शिकवलं नाही. मागच्या आठवड्यात नदीचा धडा होता. मी बटणावर बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं. कुणी बघितलं नाही, बाईंनी बघितलं. त्यांनी वहीत लिहून ठेवलं. म्हणून आज नदी आणली. बाई असं शिकवतात."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. बोलता येत नव्हतं, म्हणून फाइलमधून माझं पत्र काढलं आणि बोटानं टकटक करत माझ्यापुढे सरकवलं. वळणदार अक्षर. मी पहिलं काळं बटण टाकलं. "हे पत्र मी लिहिलंय."

"सर, तीनच आहेत हो," रेडिओ चुकचुकला. "जपून."

दुसरं टाकलं. "शेवटची ओळ चुकीची आहे, साहेब. त्यांच्या घशाचं मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तरी ती चुकीचीच. ही मुलगी दोन वर्षं माझ्यासमोर बसते. हिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला, आणि तो या बाईंच्या वर्गात ऐकला." तिसरंही टाकलं. "तक्रार मागे घेतो. या बाईंना इथून हलवलंत, तर त्यानंतर जी शांतता होईल तिची तक्रार मी करीन."

आता सगळ्या वर्गाचे डोळे गुळणीच्या मुठीवर. साहेबांच्या पोटात निकाल तयार होता, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता, पण बटण नव्हतं. कार्यालयातला एवढा मोठा माणूस एका होडीवाल्याच्या मुलीच्या शर्टाच्या बटणासाठी ताटकळत बसला होता. तिनंही घाई केली नाही. नकाशाची नीट घडी केली. मग शेवटचं बटण ठेवलं आणि सरळ साहेबांकडे बघून विचारलं, "बाई राहणार ना?"

रेडिओ झडप घालून वाटी ओतू लागला. बाईंचं लाल बटण बाजूला ठेवलं, उरलेली मोजली. "अठरा! सगळी आली!" त्याचा आवाज चिरकला. तीन पितळी बटणं त्यानं साहेबांच्या तळहातावर ठेवली. साहेबांनी एक उचललं आणि वाटीत असं आपटलं की वाटी फिरत राहिली.

"राहणार."

"एका शब्दाला अख्खं बटण?" रेडिओ म्हणाला, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. वर्गानं खोली डोक्यावर घेतली. पोरं बाकांवर चढली, कुणी नकाशे उडवले. चष्म्याच्या मुलीनं गुळणीला मिठी मारली. बाई भिंतीला टेकून रुमालानं डोळे पुसत होत्या. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वर्गात ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

निवळल्यावर साहेबांनी दुसरं बटण टाकून मला विचारलं, "सर, पत्रात भिंतीचं होतं. छतापर्यंत नेऊ का?" मी जोरात नकारार्थी मान हलवली आणि माझं बटण वाचवलं. तिसरं त्यांनी टाकलंच नाही, खिशात घालून नेलं. शिंपी पुढे कितीतरी दिवस हळहळत होता, चांगल्या कोटाचा संच मोडला म्हणून.

मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती, ती सगळी विसरलो. "बाई, चुकलं माझं," एवढंच आलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दिवसाचे मोजके शब्द, त्यातले किती उरले होते देव जाणे. हळूच म्हणाल्या, "सर, बावीस वर्षं तुमच्या खोलीतून कधी काही ऐकूच आलं नाही. मला फार काळजी वाटायची हो."

मी बसलोच. मग हसायला लागलो, आणि त्याही हसल्या, आवाज न करता, खांदे हलवून.

सोमवारी मी शिंप्याकडून बटणांची पिशवी भरून आणली. बाकं वळवली. फळ्यावर एक गणित लिहिलं, ज्याला तीन वाटांनी जाता येतं, आणि हात मागे बांधून उभा राहिलो. सवय नव्हती, जीभ सारखी वळवळत होती. दहा मिनिटांत असा गोंधळ माजला की मला वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. रेडिओ टेबलावर मूठ आपटत होता. गुळणीनं दोन बटणं टाकून चष्म्याच्या मुलीचं उत्तर खोडलं होतं आणि तिसरं हातात तयार ठेवलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक, टक. डस्टरचा.

सगळा वर्ग एकदम गप्प झाला आणि माझ्याकडे बघायला लागला. रेडिओनं बटण टाकलं. "सर, बाई म्हणतायत, गोंगाट फार होतोय."

मी माझं शेवटचं बटण वाटीत टाकलं.

"मग आणखी करा," मी म्हणालो.